विश्लेषण : गायीच्याच पेशीतला तुकडा उचलून विषाणू मारक कसा होतो?

गोठ्यातली दीड वर्षाची कालवड. जन्मापासून जरा किरकोळ अंगाची, पण चारापाणी ठीक. एक दिवस तिला ताप येतो, तोंडातून लाळ गळू लागते, हिरड्यांवर आणि टाळूवर व्रण दिसतात, मग पाण्यासारखी, कधी रक्त मिसळलेली हगवण लागते. औषधे होतात, सलाइन होते आणि आठ-पंधरा दिवसांत कालवड दगावते. शेजारच्या खुंट्याला बांधलेल्या, त्याच गव्हाणीत खाणाऱ्या जनावरांना मात्र काहीच होत नाही. घरातले म्हातारे बुळकांडीची आठवण काढतात, बाकीचे विषबाधा झाली असे म्हणून विषय संपवतात.

बुळकांडी जगातून गेल्याची घोषणा २०११ मध्येच झाली. विषबाधा असती तर एकच जनावर कसे गेले? या कोड्याचे एक उत्तर विषाणूशास्त्रातल्या फार विलक्षण घटनेत आहे. कालवडीच्या अंगात विषाणू ती जन्मायच्या आधीपासून होता आणि तो शांत होता. मरणाच्या काही काळ आधी त्याने तिच्याच पेशीतल्या जनुकीय संदेशाचा एक तुकडा आपल्यात जोडून घेतला आणि त्याचे वागणे बदलले. दुधावर संसार चालणाऱ्या राज्यात ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहू नये, म्हणून हा प्रपंच.

हा विषाणू कोणता?

बोव्हाइन व्हायरल डायरिया, म्हणजे बीव्हीडी. नावात हगवण असली तरी निरोगी जनावराला लागण झाली तर बहुतेक वेळा थोडा ताप, थोडी सर्दी, दोन दिवस दूध कमी, एवढ्यावर भागते. खरा तोटा गाभण गायींत होतो. गाय उलटते, गाभडते, अधू वासरू जन्माला येते. हा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही, त्यामुळे दुधाबाबत ग्राहकांनी घाबरण्याचे कारण नाही.

या रोगाचे पहिले वर्णन १९४६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या गुरांवरून केले. पुढे १९५३ मध्ये आयोवात ‘म्यूकोसल डिसीज’ नावाचा आणखी एक आजार नोंदला गेला. दोहोंत साम्य कमी आणि फरक जास्त दिसत होता. पहिला कळपभर पसरायचा, पण मारायचा क्वचित. दुसरा एखाद-दुसऱ्या जनावराला व्हायचा आणि ते जनावर हमखास जायचे. आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावराला टोचून पाहिले, तरी दुसरा आजार काही उभा राहीना. दोन्हींमागे विषाणू एकच आहे हे कळल्यावर तर कोडे अधिकच अवघड झाले. ते सुटायला १९८४-८५ साल उजाडले. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की म्यूकोसल डिसीज होण्यासाठी जनावर आधीच, जन्मापासून, या विषाणूने भरलेले असावे लागते.

जन्माआधीच विषाणू अंगात कसा येतो?

गाय साधारण दीड ते चार महिन्यांची गाभण असताना तिला लागण झाली, तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत जातो. त्या वयात गर्भाची प्रतिकारशक्ती ‘आपले’ आणि ‘परके’ यांची यादी करत असते. विषाणू त्याच वेळी आत असल्यामुळे त्याचे नाव ‘आपल्यां’च्या यादीत चढते. असे वासरू जन्मले की आयुष्यभर त्याच्या शरीरात विषाणू वाढत राहतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध बोटही उचलत नाही. नाकातला स्राव, लाळ, शेण, मूत्र, दूध, वीर्य, सगळ्यांतून तो बाहेर पडत असतो. इंग्रजीत अशा जनावराला ‘पर्सिस्टंटली इन्फेक्टेड’, थोडक्यात ‘पीआय’ म्हणतात. आपण कायमबाधित म्हणू. नियंत्रणाचा कार्यक्रम नसलेल्या देशांत साधारण शंभरात एक-दोन गुरे अशी असतात, आणि कळपातला संसर्ग वर्षानुवर्षे तेवती ठेवायला ती पुरेशी असतात. कायमबाधित गाय व्याली तर तिचे वासरूही कायमबाधितच निघते.

यातली काही वासरे खुरटलेली असतात. काही मात्र इतकी धष्टपुष्ट दिसतात, की बाजारात त्यांना चांगला भाव येतो. डोळ्यांनी पाहून ती ओळखता येत नाहीत.

मग शांत विषाणू एकाएकी का बदलतो?

बीव्हीडी विषाणूचे दोन स्वभाव आहेत. एक प्रयोगशाळेत पेशींवर सोडला तर त्यांच्यात वाढतो, पण त्यांना मारत नाही. दुसरा पेशी फोडून टाकतो. गर्भात शिरून वासराला कायमबाधित करण्याचे काम फक्त पहिलाच करू शकतो. म्यूकोसल डिसीजने मेलेल्या जनावरात मात्र दोन्ही सापडतात. आणि गंमत म्हणजे, दोन्ही जवळजवळ एकसारखे असतात. म्हणजे दुसरा बाहेरून आलाच पाहिजे असे नाही, तो पहिल्यातूनच तयार होऊ शकतो.

या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनएचे, सुमारे १२,३०० अक्षरांचे असते. त्यावरून एकच लांबलचक प्रथिन बनते आणि ते ठरलेल्या जागी कापले जाऊन विषाणूची वेगवेगळी प्रथिने सुटी होतात. त्यातला एक सांधा निर्णायक आहे. त्याच्या एका बाजूला एनएस२ नावाचे प्रथिन असते, दुसऱ्या बाजूला एनएस३. एनएस३ सुटे झाले की विषाणूच्या नकला जोरात निघतात. ही कापणी एनएस२ स्वतःच करते, पण त्याला मदतनीस लागतो आणि तो विषाणूकडे नसतो. तो गायीच्या पेशीचा असतो. ‘जिव्ह’ हे त्या प्रथिनाचे संशोधकांनी ठेवलेले लघुनाव. पेशीत जिव्ह थोडेच असते. त्यामुळे लागण झाल्यावर पहिले काही तास कापणी होते, मग मदतनीस संपतात, सांधा जोडलेलाच राहतो आणि नकला काढण्याचा वेग उतरतो. पेशी जगते, विषाणूही जगतो. थोडक्यात, विषाणूच्या नाकातली वेसण गायीच्या पेशीच्या हातात असते.

आता समजा, विषाणूच्या आरएनएमध्ये जिव्हच्याच संदेशाचा तुकडा येऊन बसला. मग मदतनीस विषाणूबरोबरच छापला जाऊ लागतो. त्याचा तुटवडा उरत नाही, कापणी थांबत नाही, एनएस३ सतत सुटे होत राहते आणि पेशी फुटतात. वेसण तुटलेली असते. आयोवातील एम्स इथल्या राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेच्या नावावरून ‘एनएडीएल’ म्हणून ओळखला जाणारा विषाणूचा प्रसिद्ध वाण नेमका असाच आहे. त्यात गायीच्या संदेशाची २७० अक्षरे घुसलेली आहेत.

दुसरी तऱ्हा तर याहून मासलेवाईक. जर्मनीतील ग्रेगर मायर्स, हाइन्झ-युर्गेन थील आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की बीव्हीडीच्या एका पेशीमारक वाणात यूबिक्विटिनचा जनुकीय मजकूर आहे. यूबिक्विटिन म्हणजे प्रत्येक प्राण्याच्या पेशीत असणारे ७६ दुव्यांचे छोटे प्रथिन. निकामी प्रथिनांवर ‘टाकाऊ’ अशी चिठ्ठी डकवण्याचे काम ते करते. (या चिठ्ठीव्यवस्थेच्या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) ही चिठ्ठी जिथे संपते तिथे बरोबर कापणारी विकरे पेशीकडे कायम तयार असतात. विषाणूच्या प्रथिनात एनएस३ च्या लगेच आधी यूबिक्विटिन येऊन बसले, की पेशीची कात्री नेहमीच्या सवयीने तिथे कापते आणि एनएस३ सुटे करून देते. इथे विषाणूला स्वतःच्या कात्रीचीही गरज उरत नाही.

प्रत्येक पेशीमारक विषाणू असाच तयार होतो, असे मात्र नाही. काहींत विषाणूचाच एखादा भाग दुबार लिहिला गेलेला असतो, काहींत तुकडा गळालेला असतो, काहींत एखाद-दुसरे अक्षर बदललेले असते. वाटा अनेक असल्या तरी बहुतेक सगळ्या त्याच सांध्यापाशी पोहोचतात.

ही चोरी होते तरी कशी?

चोरी हा आपला शब्द. विषाणूला ना हेतू असतो, ना योजना. एखादा कारकून जुन्या वहीवरून नव्या वहीत मजकूर उतरवून घेतो आहे आणि टेबलावर दुसरीही वही उघडी पडली आहे, असे समजा. नजर घसरते, दोन ओळी दुसऱ्या वहीतल्या उतरल्या जातात आणि कारकून पुन्हा पहिल्या वहीवर येतो. विषाणूच्या नकला काढणारे विकर असेच घसरते. पेशीत गायीचे संदेशवाहक आरएनए सभोवती पसरलेलेच असतात. नकला काढणे चालू नसतानाही तुटलेले आरएनए एकमेकांना जोडले जाऊ शकतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. अशा बहुतेक चुकांतून निकामी विषाणू जन्मतात आणि संपतात. पण कायमबाधित जनावरात महिनोन्महिने, पेशी-पेशीत, अगणित नकला निघत असतात. लाखो निकामी चुकांमधली एक चूक योग्य जागी, योग्य तुकड्यासह पडली की पुरे.

मग बाकीची गुरे का वाचतात?

कारण त्यांच्या शरीराला हा विषाणू परका वाटतो. पेशीमारक विषाणू निरोगी गायीत गेला तर तिचे शरीर त्याच्याशी लढते आणि तो जातो. कायमबाधित जनावराची मात्र कोंडी होते. नवा विषाणू जुन्यातूनच निघालेला असल्यामुळे त्याचा बाहेरचा पेहराव तोच असतो, आणि तो पेहराव तर जन्माआधीच ‘आपला’ म्हणून नोंदला गेलेला असतो. शरीर त्यालाही अडवत नाही. आतड्याचे अस्तर सोलवटले जाते, आणि पुढे काय होते ते सुरुवातीला आलेच आहे. साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात हे घडते. त्यावर उपचार नाही.

त्यातही एक बारकावा आहे. एकाच हंगामात, एकाच लागणीतून गोठ्यात दोन-तीन कायमबाधित वासरे जन्मली असतील, तर पहिल्यात तयार झालेला मारक विषाणू बाकीच्यांना लागतो आणि ती एकामागोमाग जातात. ती संपली की मारक विषाणूही बहुधा तिथेच संपतो, कारण गर्भात घर करण्याची कला त्याला नसते. म्हणजे विषाणूच्या दृष्टीने ही चोरी आत्मघाताची आहे. पुढच्या गोठ्यात ती पुन्हा नव्याने घडावी लागते.

कोंबड्यांतही असे होते का?

होते, आणि तिथे त्याचा परिणाम उलटा आहे. योगायोगाने त्याच १९८९ मध्ये, ‘नेचर’मध्येच, बर्ड फ्लूच्या विषाणूबद्दलही असा शोध प्रसिद्ध झाला होता. पक्ष्यांच्या सौम्य फ्लूचा विषाणू आतडी आणि श्वासनलिका यांच्यापुरता राहतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरचे प्रथिन उघडणारी विकरे तिथेच असतात. त्या जोडावर काही जादा दुवे आले की सर्व अवयवांतली विकरे ते उघडू शकतात आणि विषाणू अंगभर पसरतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका विषाणूने हे जादा दुवे पेशीच्या रायबोसोमच्या आरएनएतून घेतले होते. पेशीत सर्वांत मुबलक आरएनए हाच असतो, तेव्हा कारकुनाची नजर त्याच्यावर घसरावी यात नवल नाही.

पुढे २०१२ मध्ये मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, अंड्यांच्या उत्पादनाच्या बालेकिल्ल्यात, हे प्रत्यक्ष घडले. तिथल्या एच७एन३ विषाणूत पेशीच्या रायबोसोमल आरएनएची २४ अक्षरे आढळली. दोन कोटींहून अधिक कोंबड्या मेल्या किंवा माराव्या लागल्या आणि अंडी महागली. गायीतला मारक विषाणू गोठ्यातच संपतो. कोंबड्यांतला मात्र एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये पसरत गेला. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आलेला एच५एन१ मात्र या प्रकारातला नव्हता. तो आधीपासूनच मारक होऊन जगभर फिरत होता.

लस दिली की प्रश्न मिटेल?

इथेच घाई महागात पडते. बीव्हीडीच्या काही जिवंत लशी पेशीमारक वाणांपासून केलेल्या आहेत. निरोगी जनावरात त्या काम करतात. कायमबाधित जनावराला तीच लस टोचली, तर लशीतला विषाणू आणि अंगातला विषाणू यांच्यात आरएनएची अदलाबदल होऊन नवा मारक विषाणू तयार होतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जनावर मरते. अशी प्रकरणे १९९५ आणि २००१ मधील शोधनिबंधांत जनुकीय पुराव्यासह नोंदली गेली आहेत. जनावर तसेही वाचणारे नसते हे खरे. पण शेतकऱ्याला दिसते ते एवढेच, की लस दिली आणि कालवड गेली. लम्पीच्या काळात लशीविषयीच्या अफवांना आवर घालताना काय त्रास झाला, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

दुसरा धोका लस बनवतानाचा. पेशी वाढवण्यासाठी गर्भातल्या वासराचा रक्तद्रव वापरतात आणि त्यात हा विषाणू लपून येऊ शकतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये आयबीआर या वेगळ्याच रोगाच्या लशीच्या एका खेपेत बीव्हीडीचा विषाणू गेला आणि गोठ्यांत साथ आली.

ज्यांनी रोग हटवला, त्यांनी काय केले?

त्यांनी विषाणूच्या करामतींच्या मागे धावणे सोडले आणि कायमबाधित वासरू शोधायला सुरुवात केली. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, लस न वापरता, दुधाच्या एकत्र नमुन्यांतून बाधित कळप हेरले, त्यातली कायमबाधित गुरे काढली आणि रोग संपवत आणला. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये देशातल्या सगळ्या गुरांची तपासणी हाती घेतली. जर्मनीत २०११ पासून तपासणी बंधनकारक झाली. तिथे वासराच्या कानात बिल्ला मारताना निघणारा कातडीचा ठिपका बिल्ल्याबरोबरच्या कुपीत अडकतो आणि थेट प्रयोगशाळेत जातो. ओळख क्रमांक आणि नमुना एकाच टोच्यात.

आपल्याकडेही गुरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात. फरक एवढाच, की या साध्या बिल्ल्यात नमुना जपण्याची सोय नसते.

आणि आपण?

भारतात हा विषाणू आहे, याबद्दल वाद नाही. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचे पहिला आणि दुसरा हे दोन्ही प्रकार आणि ‘होबी’ नावाचा तिसरा भाऊबंदही देशात नोंदवला आहे. गायी-म्हशींबरोबर शेळ्या-मेंढ्यांतही त्याच्या खुणा मिळाल्या आहेत. तरीही २०१९ मध्ये सुरू झालेल्या, १३,३४३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा भर होता लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांवर. तो योग्यच होता. पण गाय उलटली की खनिज मिश्रणाची पिशवी, गाभडली की ब्रुसेलाचा संशय आणि कालवड मेली की विषबाधा, या ठरावीक उत्तरांच्या आड बीव्हीडी खुशाल लपून राहतो.

युरोपचा मार्ग मात्र जसाच्या तसा इथे चालणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य केले पाहिजे. तिथे कायमबाधित जनावर कत्तलखान्यात जाते. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यानुसार गायीची आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर वळू-बैलांचीही कत्तल करता येत नाही. मग तपासणीत बाधित निघालेल्या कालवडीचे शेतकऱ्याने करायचे काय? दाव्याला बांधून ठेवावी तर ती रोज विषाणू सोडत राहणार. तपासणी करूच नये, हे त्याच्या हिशेबात सर्वांत स्वस्त ठरते. आणि केलीच, तर निकाल न सांगता जनावर काष्टी किंवा लोणीच्या बाजारात उभे करणे हे त्याहून स्वस्त. ते ज्याच्या दावणीला जाईल, त्याच्या गाभण गायी पुढच्या हंगामात उलटू लागतील. नुकसानभरपाईशिवाय तपासणीची सक्ती म्हणजे रोग वाटण्याचीच सोय.

तेव्हा सुरुवात शेतकऱ्याच्या दारातून न करता, जिथे निर्णय थोड्यांच्या हातात आहेत आणि परिणाम अनेकांवर होतात, तिथून व्हावी. कृत्रिम रेतनासाठी वीर्य पुरवणारा एकही वळू कायमबाधित नाही, हे प्रत्येक केंद्राने जाहीरपणे दाखवून द्यावे, कारण एका वळूच्या कांड्या हजारो गायींपर्यंत जातात. सरकारी योजनांतून वाटल्या जाणाऱ्या आणि परराज्यांतून येणाऱ्या कालवडींची वाटपाआधी तपासणी व्हावी. मोठ्या दूध संघांकडे गावोगावचे एकत्रित दूध रोज येतेच. त्याचे नमुने पुण्याच्या औंध येथील पशुरोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे ठरावीक अंतराने गेले, तर कोणत्या पट्ट्यात किती विषाणू आहे याचा नकाशा एकाही गोठ्याचे नाव न घेता उभा राहील. भरपाईचा आकडा त्यानंतर काढता येईल.

ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात असे जनावर निघेलच, त्याच्यासाठी तोवरचा व्यवहार्य नियम एवढा आहे. कानाच्या कातडीची तपासणी बाधित आली तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण तात्पुरती लागणही तशीच दिसते. दुसऱ्यांदाही तसेच आले तर ते जनावर गाभण गायींपासून, विशेषतः पहिल्या चार-पाच महिन्यांतल्या गायींपासून, वेगळे बांधावे. त्याची गव्हाण, पाण्याची टाकी आणि ते हाताळणारा माणूस शक्यतो वेगळा असावा. त्याला रेतन करू नये आणि त्याला जिवंत लस देऊ नये. बाहेरून कालवड आणली तर गोठ्यात मिसळण्याआधी तिची तपासणी करावी. ती गाभण असेल तर पोटातल्या वासराचीही, ते जन्मल्याबरोबर, कारण आई निर्दोष निघाली तरी वासरू कायमबाधित असू शकते.